सीटमागचे सात किलो

रविवार, १२ मार्च, सकाळी साडेसात. चाकूर रोडवरचं सोयाबीनचं रिकामं गोदाम. हजर: कांबळे सर (विमानाचे मालक आणि ते बांधणारे), सुनंदाताई (त्यांच्या पत्नी, आकडे लिहून घ्यायला), रशीदभाई (वेल्डिंग आणि लेथवाले) आणि मी, बॅटरीवाली.

विमान तीन वजनकाट्यांवर उभं होतं. प्रत्येक चाकाखाली एक काटा. काटे अडतीवरून मागून आणलेले.

"पुढचा परत सांगा," सुनंदाताई म्हणाल्या.

मी सांगितला. त्यांनी लिहिला, चष्मा वर केला आणि सरांकडे बघितलं. "अहो, हा आकडा तुमच्या पुस्तकातल्या मर्यादेच्या बाहेर गेला."

"काटा खोटं बोलत असंल," सर म्हणाले.

"न्हाई सर," रशीदभाई म्हणाले. "काल त्याच्यावर तूर मोजली. काटा बरोबर हाय. इमान जड हाय."

माझं लातूरला बॅटरी-इन्व्हर्टरचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः क्लासेसच्या मुलांची होस्टेल. कांबळे सर अशाच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी परदेशातून सुट्या भागांचा संच आणि ड्रॉइंग मागवलं आणि सहा वर्षं हे दोन सीटचं विमान बांधलं. गुरुवारी इन्स्पेक्टर येणार होते. वजनाचा तक्ता बरोबर निघाला तरच पुढची परवानगी. आणि तक्ता चुकीचा असताना कुणी सही केलीच, तर त्या सीटवर सर बसणार होते.

विमानातल्या बॅटरीची कामं दोन. एक, इंजिन सुरू करणं. दोन, हवेत चार्जिंग बंद पडलं तर रेडिओ आणि इग्निशन, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा, निदान अर्धा तास चालू ठेवणं. मी दोन बॅटऱ्या निवडल्या होत्या. पहिली सीलबंद लेड-अ‍ॅसिड, सात किलो. दुसरी लिथियम, दोन किलो. महिनाभर माझा आणि सरांचा वाद याच दोघींवर चालला होता. सध्या सात किलोची बसवलेली होती.

"मग लिथियम लावा की," सर म्हणाले. "पुढचे पाच किलो तर तिथंच कमी."

बॅटरी बदलली. परत वजन केलं. नाकाच्या चाकावरचा आकडा उतरला, पण मर्यादेत आला नाही.

रशीदभाईंनी शेपटीला हात लावून विमान थोडं दाबून बघितलं. "मॅडम, बैलगाडीत सगळी पोती पुढं टाकली की बैलाच्या मानंवर वझं येतं. मागं टाकली की गाडी उलाळ. हिचं वझं पुढं हाय. मागून काय काढलं का तुमी?"

विमानाचंही तसंच असतं. नाक जड असेल तर उतरताना पायलट ते वर उचलू शकत नाही. मागच्या चाकांवर अलगद टेकायचं विमान पुढच्या चाकावर आदळतं.

मी ड्रॉइंग पसरलं. बॅटरी हा शब्द शोधला. सीटच्या मागे, खांद्याच्या उंचीवर एक छोटा चौकोन होता. आमची बॅटरी पायांपुढे, जमिनीलगत बसवलेली होती.

"सर, ही कुणी हलवली?"

"मी."

"का?"

सर पान्याला कपडा मारत बसले. उत्तर सुनंदाताईंनी दिलं. "भूकंपात ह्यांच्या वडिलांवर माळ्यावरची पेटी पडली. तेव्हापासून आमच्या घरात माळा न्हाई. भिंतीला फळीसुद्धा न्हाई. पातेली खाली, पुस्तकं खाली. डोक्यामागं सात किलो ठेवून हे बसतील व्हय?"

मी माझी वही उघडली. पंधरा दिवसांपूर्वी येऊन मी जागा तपासली होती. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'बॅटरी खाली, पुढे. ठीक.' शेजारी बरोबरची खूण. ड्रॉइंग मी बघितलंच नव्हतं. होस्टेलमध्ये बॅटरी जमिनीवर ठेवायची, फळीवर कधीच नाही, असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आले आहे. लातुरात कुणाला त्याचं कारण विचारावं लागत नाही. सरांनी बॅटरी खाली आणली आणि मला ते शहाणपणाचं वाटलं. ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने मात्र पुढच्या इंजिनाचा तोल मागच्या सात किलोंवर धरला होता.

"चूक माझी पण आहे," मी म्हटलं. "बॅटरी मागे जाईल. आणि लिथियम नाही, सात किलोचीच."

"ती सुटली तर?" सर म्हणाले. "धक्क्यानं पुढं आली तर थेट मानेत."

हा प्रश्न बरोबर होता. त्याला 'नाही सुटणार' हे उत्तर नव्हतं.

"ड्रॉइंगमध्ये काय लिहिलंय?" मी विचारलं.

सरांनी वाचलं. बॅटरीच्या पट्ट्याने आणि ट्रेने तिच्या वजनाच्या नऊपट ओढ सोसली पाहिजे.

"नऊ सत्ते त्रेसष्ट," सुनंदाताई म्हणाल्या. "ह्यांचं वजन अठ्ठ्याहत्तर. मगाशीच काट्यावर चढले होते."

रशीदभाई हसले. त्यांच्याकडे एक जादा ट्रे होता. पहिल्याची भोकं एक सूत चुकली म्हणून त्यांनी दुसरा केला होता. तो जादा ट्रे त्यांनी पुढची बाजू खाली येईल असा गोदामाच्या लोखंडी तुळईला बोल्टने आवळला, विमानात होता तसाच पट्टा लावला आणि बॅटरीच्या मापाचा लाकडी ठोकळा त्यात बसवला. ठोकळ्याला दोर बांधला.

"लटका, सर."

"मी?"

"मंग काय मॅडम लटकतील? मान तुमची हाय."

सरांनी दोर धरला आणि पाय दुमडले. ट्रे किंचित करकरला आणि गप्प झाला. आम्ही साठपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. सर शंभरापर्यंत लटकून राहिले. शेवटी सुनंदाताई म्हणाल्या, "उतरा आता, हात निखळतील."

सर उतरले, ट्रेचा एकेक बोल्ट बोटाने चाचपला आणि रशीदभाईंना म्हणाले, "मागं बसवा."

दुपारी एकला तिसरं वजन झालं. तिन्ही आकडे मर्यादेत. बॅटरी मागे बंदिस्त जागेत गेल्यामुळे वायू बाहेर जायची नळी आणि लांब, जाड केबल ही दोन कामं वाढली. ती बुधवारपर्यंत संपली. गुरुवारी इन्स्पेक्टरांनी तक्ता बघितला, ट्रे हाताने हलवून बघितला आणि पुढच्या पानावर गेले.

तेव्हापासून मी गिऱ्हाईकाला आधी अँपिअर विचारत नाही. बॅटरीची मूळ जागा कोणती आणि ती कुणी हलवली का, हे विचारते. हलवली असेल तर का, तेही विचारते. लोक कारण लगेच सांगत नाहीत. थांबावं लागतं.

सर आता उडतात. एकट्याचा तोलाचा तक्ता झाला, इन्स्ट्रक्टरसोबतचा झाला. सुनंदाताईंसोबतचा व्हायचा आहे. त्यासाठी त्यांनी एकदा काट्यावर उभं राहायचं आहे, एवढंच. मी तीनदा फोन केला. "आधी ह्यांना वर्षभर धड खाली उतरू द्या," त्या म्हणतात, "मग माझं वजन बघू." तो रकाना अजून कोरा आहे.