मोतीरामचा अर्धा बांध

साखरखेर्ड्याच्या शिवारात ज्याच्या-त्याच्या विहिरीवर इंजिन आलं, मोतीराम माळी मात्र बैलांची मोटच हाकत राहिला. हेकट म्हणा, जुनाट म्हणा, माणूस होताच तसा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, लेकी आपापल्या घरी नांदत्या. बोलायला दोन बैल, आणि तेही ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पण मोटवाल्याला जे कळतं ते इंजिनवाल्याला कळत नाही. दर उन्हाळ्यात मोटेच्या नाड्याला हातभर दोर जोडावा लागत होता. सत्तर साली सलग चौथी गाठ मारली, तेव्हा मोतीरामनं बैल सोडले.

तो शेजारच्या हिंमतरावाकडे गेला. दोघं लहानपणचे सोबती, दोघांच्या विहिरींना झरा एकच.

"हिंमता, पाणी खाली जाऊन राह्यलं. दोघंही ऊस मोडू अन् नाल्याले बांध घालू."

"पाणी आटनार, हे पक्कं सांगतं का?"

"पक्कं कसं सांगू बे? मी का देव आहो?"

"मंग उभा ऊस काऊन मोडू? येडा झाला का तू!"

गाव पोटभर हसलं. मोतीरामनं आपला ऊस मोडला, हरभरा पेरला आणि टोपल्यानं माती वाहत एकट्यानं बांध घातला. पण नाल्याचा पलीकडचा काठ हिंमतरावाचा! बांध अर्ध्यावरच थांबला, आणि पावसाचं पाणी त्याला वळसा घालून खुशाल निघून गेलं. या वादापायी हिंमतरावानं येणं-जाणं सोडलं. संध्याकाळी तंबाखूची डबी मोतीराम एकटाच उघडायचा. फार जिवावर यायचं त्याला.

बहात्तरला पाऊस फिरकलाच नाही. पौषात हिंमतरावाची विहीर कोरडी पडली, आठ दिवसांनी मोतीरामचीही. झरा एकच ना!

त्या दिवशी भर उन्हात हिंमतराव आला आणि मान खाली घालून ओसरीवर मोतीरामशेजारी टेकला.

"तू खरा ठरला, गड्या."

"खरा ठरलो, ते काय पेऊ आता?" मोतीराम चिडलाच. "अन् खोटा ठरलो असतो त काय बिघडलं असतं? एक ऊस गेला असता. लोक हासले असते, बस!"

हिंमतरावाचे ओठ सुकले होते. मोतीराम सवयीनं उठून रांजणापाशी गेला, आत हात घातला आणि तसाच उभा राहिला. दोन वर्षांनी माणूस घरी आला होता, आणि त्याला द्यायला घोटभर पाणी नव्हतं.