उरल्या रंगांचं दुकान

पडदा वर जातो. समोर नाट्यगृहाची मागची बाजू. उजेड सकाळचा, कुणालाही देखणं न करणारा. मधोमध कचऱ्याची गाडी उभी आहे आणि दोन माणसं तिच्यात रंगाचे डबे, कापडाच्या गुंडाळ्या, ब्रशांचे जुडगे भिरकावत आहेत. डावीकडून प्रवेश करते साठी उलटलेली एक बाई. बाह्या वर सारलेल्या, एक चप्पल पायात, दुसरी हातात. धावताना चपलेचा अंगठा तुटला होता.

"खबरदार त्या डब्याला हात लावाल तर!"

या बाईला सगळे मावशी म्हणत. तिनं उभा जन्म नाटकांचे पडदे रंगवण्यात घालवला होता. राजवाडे, जंगलं, गरिबाची खोली, तिसऱ्या अंकातली नदी. टाळ्या राजाला मिळत, राजवाड्याला कधीच नाही, आणि त्याचं तिला काही वाटत नसे. पण नव्या मालकांनी तिची रंगशाळा रिकामी करायला काढली, निम्मे भरलेले डबे उकिरड्यावर निघाले, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"मावशी, जुना माल आहे हो," गाडीवाला म्हणाला.

"मीही जुना मालच आहे. मलाही घाला गाडीत!"

तिला कोण घालणार? उलट तिनंच गाडी वळवायला लावली आणि सगळा माल धाकट्या बहिणीच्या दारात उतरवला. दोघी एकत्र राहत. धाकटी पुढच्या खोलीत कपडे शिवायची. दारातला ढीग पाहून तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"ताई, आता मी शिवायला कुठं बसू? छपरावर?"

"चार दिवस गं."

"तुझे चार दिवस मला माहीत आहेत. नदीचा पडदाही चार दिवसांसाठीच आणला होतास. अजून माझ्या पलंगाखाली वाहतेय ती."

त्या ढिगातून दुकानाची कल्पना निघाली. आपल्याकडच्यासारखे उरलेले रंग घरोघरी वाळत पडले असणार. ते आणायचे, नीट करायचे, किरकोळ भावात विकायचे. वसाहतीच्या अध्यक्षांनी सभागृहाशेजारची खोली दिली. स्वतःच्या दाराची, उत्तरेच्या उजेडाची खोली! जन्मभर दुसऱ्यांच्या रंगमंचामागे अंग चोरून काम केलेल्या मावशीनं किल्ली हातात घेतली आणि दिवसभर खाली ठेवली नाही.

माल येत गेला. पाट्या रंगवणाऱ्यानं धंदा बंद केला, त्याचे डबे आले. कुणाच्या नवऱ्याच्या मागे राहिलेला चित्रफलक आला, कुणाची हौस संपली म्हणून कोरे कागद आले. नियम एकच, आणि तो नाटक कंपनीतला. तिथं ब्रश हवा असेल तर आधी दुसऱ्या कुणाचा वाळून काष्ठ झालेला ब्रश साफ करून द्यावा लागे. इथंही तसंच. मोरीजवळ कोमट साबणाच्या पाण्याची बादली, आणि घेणारा कुणीही असो, एक ब्रश मोकळा केल्याशिवाय सुटका नाही. दातांचा डॉक्टर आणि गेटवरचा वॉचमन एकाच बादलीत हात घालून बसलेले लोकांनी पाहिले.

"तुमचा पेशंट फार ओरडत नाही हो," वॉचमन म्हणाला.

"पैसेही देत नाही," डॉक्टर म्हणाला.

हा वॉचमन रात्री गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे कोळशानं काढायचा. पुढे पुढे तो एका ब्रशवर थांबेना. मुंडी हललेले ब्रश घरी नेई, तांब्याच्या तारेनं आवळून परत आणी. तारेचा शेवटचा वेढा उलटा घालायची त्याची सवय. मावशीच्या फळीवरचे निम्मे ब्रश त्याच्या हातचे होते.

मग अध्यक्षांना उद्घाटन सुचलं. दुकान चालू होऊन महिने झाले होते, पण फोटो कुठं निघाला होता?

त्या सकाळी मावशी आली तर फळ्या रिकाम्या. सगळा चांगला माल चकचकीत पारदर्शक कागदात, वर फिती. सभागृहात मोठे पाहुणे, कॅमेरेवाला, आणि भिंतीशी एक रांग. घरकामाच्या बायकांची मुलं, आणि सगळ्यांत शेवटी गणवेशातला वॉचमन, टोपी हातात.

पाहुणे बोलले. "समाजातल्या या गरजू, दुर्दैवी घटकांना..." असं काहीतरी, बरंच लांब. मग वाटप. वॉचमनच्या हातात पुडकं ठेवलं गेलं. कॅमेरेवाला म्हणाला, "इकडे बघा. हसा." वॉचमननं पुडक्यात पाहिलं. आत ब्रश होते आणि तारेचा शेवटचा वेढा उलटा होता.

तो हसला. सांगितलं म्हणून हसला. ते हसू पाहिलं आणि मावशी व्यासपीठावर चढली.

"थांबा!"

माळ्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत हाका मारलेला गळा तो. माइक लाजला असता.

"हा गरजू आहे, असं कुणी ठरवलं?"

"मावशी, फोटो चाललाय," अध्यक्ष कुजबुजले.

"मी विचारतेय काय आणि तुम्ही सांगताय काय! ते ब्रश यानं बांधलेत. त्याचंच काम त्याच्या हातावर ठेवता आणि वर त्याला हसायला लावता?"

"अहो, भावना चांगली होती आमची."

"मग फळ्या का ओरबाडल्यात? दुकान आहे ते! तिथं माणूस निवडतो. बोट लावतो, वास घेतो, नाक मुरडतो. ते नाक मुरडणं काढून घेतलंत की काय उरतं? हात पसरणं!"

वॉचमनच पुढे आला. "मावशी, जाऊ द्या. माझी नोकरी यांच्याच गेटवर आहे."

एवढं वाक्य बोलायची पाळी त्याच्यावर यावी! मावशी खाली उतरली, ती अंगाची लाही लाही होत.

संध्याकाळी अध्यक्षांनी निरोप धाडला. पाहुण्यांची माफी मागायची, यापुढे दरमहा गरजूंना वाटप करायचं, नाहीतर किल्ली परत. मावशी अंधार पडेतो किल्ली बोटांत फिरवत बसली. उत्तरेचा उजेड पुन्हा मिळणार नव्हता. धाकटीनं उठून मशीनचं एक टोक धरलं.

"बसलीस काय? दुसरीकडून उचल. खिडकीकडे सरकवू या. आणि ऐक, माझ्या कुठल्या शिवणावर रंगाचा एक ठिपका जरी पडला ना, तर तुझं दुकान नदीत!"

किल्ली त्याच रात्री परत गेली.

दुकान पुढच्या खोलीत आलं. दाटीवाटी इतकी की गिऱ्हाईक वळलं की काहीतरी पडे. वॉचमन बरेच दिवस फिरकला नाही. मग एकदा ड्यूटी संपवून आला, कोळशाची कांडी उचलली, बोटांत फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"ठिसूळ आहे ही. दुसरी दाखवा."

मावशीला इतका आनंद झाला की तिनं त्याच्याशी तावातावानं भांडणच काढलं.

शेवटी अध्यक्षही आले. मावशी जुना पडदा जमिनीवर अंथरून त्याचे चित्रकारांसाठी तुकडे करत होती. अध्यक्ष दारातच घुटमळले.

"खोली रिकामीच पडलीय, मावशी. पुडकी नकोत, माफी नको. दारावर फक्त छोटीशी पाटी लावू, 'गरजूंसाठी'. वरच्यांना दाखवावं लागतं हो आम्हाला."

"नाही."

"विचार तरी करा."

मावशीनं कात्री उचलली. कापड गोळा होत होतं, एकटीला आवरत नव्हतं. तिनं वर पाहिलं.

"केला. आता दारात उजेड अडवून उभे राहू नका. ते टोक धरा. असं नाही हो, दोन्ही हातांनी! आणि ताणून धरा, भाषण न करता."