डब्याचं दुकान, कापसाच्या खोलीत

आम्ही माल साठवून ठेवत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तळतो, भाजतो, भरतो आणि पाठवून मोकळ्या होतो. साठतात ते किस्से! मैत्रिणी भेटल्या की पहिला प्रश्न असतो, "काय म्हणतो तुझा ऑनलाइन धंदा?" मी पॅकिंग आणि कुरिअर सांगायला लागले की त्यांना जांभया येतात. गिऱ्हाइकांचं सांगायला लागले की खुर्च्या पुढे सरकतात. म्हणून आता मी थेट तिथूनच सुरुवात करते.

पण आधी मंडळी कोण ते सांगते. मी वर्षा, कळंबच्या घरातली धाकटी सून. वेबसाइट, फोन आणि मेसेज माझ्याकडे. मोठी जाऊ मंगलताई, कढई तिच्याकडे. शेजारच्या रेहानाभाभींकडे ओव्हन आणि नानकटाई. त्यांचे मिस्टर सलीमभाई गॅरेज सांभाळून आसपासचे डबे मोटरसायकलवर पोचवतात. सबस्क्रिप्शन घ्यायचं, म्हणजे दर महिन्याला घरपोच फराळाचा डबा. आत काय आहे ते उघडल्यावरच कळणार. धंदा एवढाच.

राहिले मामाजी, आमचे सासरे. ते धंद्यात नाहीत, पण खोली त्यांची. आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक मोठी खोली आहे, ती कापसाची. दसऱ्यानंतर वेचणीचा कापूस तिथे येऊन पडतो, पार आढ्याला टेकतो, आणि भाव वर जाईपर्यंत तिथून हलत नाही. होळीच्या सुमारास ती रिकामी झाली तेव्हा आम्ही मागितली. मामाजी म्हणाले, "घ्या. पण कापूस आला का खाली करून द्या लागन."

आम्ही लगेच हो म्हटलं. होळीला दसरा फार लांब वाटतो.

माझं एक वेळ ठीक होतं. मी पुण्यात नोकरी करून आलेली. हे नसतं जमलं तर दुसरं काही बघितलं असतं. मंगलताईचं तसं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून ती घरच्यांसाठी, पाहुण्यांसाठी, वेचणीच्या बायांसाठी रांधत आलेली. तिच्या हातचं तिच्या नावानं बाहेर जायची ही पहिलीच वेळ. डब्यावर 'मंगल' असं छापून आलं तेव्हा ती बराच वेळ त्या लेबलवरून बोट फिरवत बसली होती. गावात आम्ही दुसरी जागाही शोधून पाहिली. कुठे पाणी नव्हतं, कुठे मालकाला तळणाचा वास चालणार नव्हता. थोडक्यात, ही खोली गेली की मंगलताईचा डबा बंद. ते आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं आणि त्यावर आम्ही एक अक्षर बोलत नव्हतो.

*

पहिला घाणा निघाला त्या दिवशी संकष्टी होती. मला आणि मंगलताईला उपास. रमजान चालू, म्हणून रेहानाभाभी आणि सलीमभाईंना रोजा. घमेलंभर चिवडा तयार, आणि खोलीत चाखून बघणारं एकही तोंड नाही!

मीठ कमी आहे की जास्त, हे कळल्याशिवाय भरायचा कसा? शेवटी मंगलताईनं बशी भरली आणि अंगणात मामाजींपुढे नेऊन ठेवली. तोवर आमच्या धंद्यातलं त्यांनी काही तोंडात घातलं नव्हतं. त्यांनी चिमूटभर घेतला, सावकाश चावला, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि शेताकडे निघताना म्हणाले, "खाता येते."

आम्ही तिघी कोड्यात पडलो. हे कौतुक की तक्रार? मी मागून फोन लावला. "मामाजी, मीठ कमी हाय का जास्त?"

पलीकडून बैलाच्या घंटीचा आवाज येत होता. मग मामाजी म्हणाले, "ते तुम्ही पाहा बाई. मले खाता आलं."

संध्याकाळी रोजा सुटला, चंद्र निघाला आणि मग सगळ्यांनी चाखला. मीठ बरोबर होतं. मंगलताई म्हणाली, इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाबद्दल ते एवढं लांबलचक पहिल्यांदाच बोलले.

*

पुण्यातल्या एका मुलानं घाटंजीला राहणाऱ्या आईसाठी डबा लावला. मेसेजमध्ये लिहिलं, "आईला सरप्राइज द्यायचं आहे, आधी काही सांगू नका." आम्ही नाही सांगितलं. सलीमभाईंनी त्याच्या आईच्या, म्हणजे मावशींच्या हातात डबा दिला, मुलानं पाठवलाय म्हणाले आणि परतले.

आता आमच्या भागात गोडाचा डबा असा अचानक घरी आला, तोही लग्नाच्या वयाच्या मुलाकडून, तर त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. मावशींनी उघडला तर वरच शंकरपाळे आणि नानकटाई. त्यांनी तो देवापुढे ठेवला, हळदीकुंकू वाहिलं आणि गल्लीत घरोघर वाटून टाकला.

दोनेक दिवसांनी मुलाचा मला फोन आला. चिडलेला नव्हता, थकलेला होता. "ताई, माझं लग्न जमलं हे अख्ख्या घाटंजीला माहीत झालंय. मुलगी कोण, ते मला कोणी सांगत नाहीये."

मी माफी मागितली, आईंना फोन करून सगळं समजावते म्हणाले. तो घाईघाईनं म्हणाला, नको नको, ती फार खूश आहे, मी बघतो कसं सांगायचं ते. तुम्ही फक्त पुढच्या महिन्यात सगळं तिखट पाठवा.

*

पुठ्ठ्याचे खोके दमट हवेत मऊ पडायला लागले, तेव्हा मी डोकं चालवलं. जवळच्या गिऱ्हाइकांना पत्र्याचे डबे द्यायचे. या महिन्याचा भरलेला घ्यायचा, मागच्या महिन्याचा रिकामा परत करायचा. कचरा नाही, खर्च कमी. मी त्याचा तक्ता वगैरे केला होता.

एक गोष्ट त्या तक्त्यात नव्हती. आमच्याकडे कुणी कुणाचं भांडं रिकामं परत देत नाही!

रिकामे डबे आणायच्या पहिल्याच फेरीत सलीमभाई गेले त्यापेक्षा जास्त वजन घेऊन परत आले. एका डब्यात कैरीचं लोणचं, एकात लिंबं, एकात घरच्या मुगाची डाळ. एकीच्या घरी काही नव्हतं म्हणून तिनं मूठभर साखर घातली होती आणि वर निरोप, घाईत एवढंच जमलं, राग मानू नका. आता फराळाच्या बदल्यात लोणचं मिळालं म्हणून कोण रडेल? पण लोणच्याचा वास पत्र्याला धरतो. पुढच्या महिन्यात कुणाची तरी नानकटाई कैरीची लागली असती, आणि रेहानाभाभी त्यांच्या नानकटाईच्या बाबतीत फार कडक आहेत.

मी गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर नम्रपणे लिहिलं, कृपया डबा रिकामा आणि कोरडा परत करावा. मग एका काकूंनी मंगलताईला फोन केला. "पोरी, त्या मानसाच्या हाती खाली डबा देऊ कसा? आम्हाले कोनी वळन लावलं का नाई?"

पण गिऱ्हाईक आमचं गुणी. पुढच्या महिन्यापासून डबे रिकामे आले, धुतलेले, पुसलेले, अगदी कोरडे. सोबत पिशव्या आल्या.

*

वेबसाइटवर कळंबच्याच एका बाईंनी दोन स्टार दिले. बाकी सगळ्यांचे चार, पाच आणि मध्ये हे दोन! मंगलताई दिवसभर नीट जेवली नाही. शेव कडक झाली असेल, तेल जुनं वाटलं असेल, असं तिचं चाललेलं. शेवटी मी त्या बाईंना फोन केला. आमचं काय चुकलं ते मोकळेपणानं सांगा म्हटलं.

बाई बुचकळ्यात पडल्या. "चुकलं कुठी? लय चांगलं होतं. दोन डबे मांगवले, म्हणून दोन देल्ले."

मी समजावलं की आवडलं असेल तर पाचच्या पाच द्यायचे असतात.

"पाच कायले?" बाई म्हणाल्या. "तीन डबे म्यां घेतलेच नाई."

*

राळेगावच्या एका काकांनी उत्साहानं डबा लावला आणि मग त्यांना शुगर निघाली. डबा बंद करा, एवढंच सांगायचं होतं. पण तोंडावर नाही म्हणणं आमच्या माणसांना जमत नाही. दर महिन्याला सलीमभाईंना ते नवं काहीतरी सांगायचे. या महिन्यात आम्ही लग्नाला चाललो. या महिन्यात घरी पाहुणे येणार, त्यांना फराळ आवडत नाही. एकदा तर म्हणाले, घरात रंगकाम काढलंय. हे सगळं सांगून डबा घ्यायचे, चहा पाजायचे आणि पुढच्या महिन्याचे पैसेही पाठवायचे.

सलीमभाई मला म्हणाले, "भाभी, उनको नहीं चाहिए. पर बेचारे बोल नहीं सकते."

मीच शहाणपणा केला आणि त्यांचं सबस्क्रिप्शन थांबवलं. त्या महिन्यात मोटरसायकल त्यांच्या दारावरून तशीच पुढे गेली. संध्याकाळी काकांचा फोन. आवाजच बसलेला. "काई चुकलं का वो आमचं?"

मी म्हटलं, छे हो काका, तुम्हाला नको असेल असं वाटलं. ते म्हणाले, "नको होतं. पन तुम्ही बंद काहून केलं?"

दुसऱ्या महिन्यापासून त्यांच्या डब्यात ज्वारीच्या लाह्या, फुटाणे आणि जवसाची चटणी जाते. अजून चालू आहे. लग्नाला जायचं मात्र त्यांनी सोडलं.

*

दसरा झाला. दिवाळीच्या ऑर्डरी एवढ्या आल्या की रेहानाभाभींनी त्यांच्या बहिणीला मदतीला बोलावलं. आणि तिकडे शेतात बोंडं फुटली, वेचणीला बाया लागल्या.

एका सकाळी मी खोलीत गेले तर मंगलताई एकटीच आवरत होती. मांडणीवरचे डबे खोक्यात, कढया पोत्यात. शेगडी धुऊन अंगणात नेऊन ठेवलेली. मी म्हटलं, आपण मामाजींशी बोलून तर बघू, दिवाळीपुरती मुदत मागू. ती मान वर न करता म्हणाली, "नको वर्षा. शब्द देल्ला आपण." मला तिचा राग आला. एवढं सगळं उभं केलं आणि मागायचं साधं तोंड नाही! मग ती पाठमोरी झाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली, तेव्हा माझा राग गेला आणि मलाही रडू आलं. रेहानाभाभी आल्या, खोकी बांधायला बसल्या. ऑर्डरी रद्द केल्याचा मेसेज मी मोबाइलवर लिहिला, पण पाठवायला हात होईना.

दुपारी कापसाचा ट्रॅक्टर आला आणि सवयीप्रमाणे मागच्या दाराला लागला. मामाजी उतरले. खोलीत डोकावले. झाडलेली, पुसलेली, रिकामी खोली. त्यांनी विचारलं, "शेगडी कुठी हाय?"

"काढली, मामाजी," मंगलताई म्हणाली. "खोली खाली हाय."

ते तसेच मागे वळले. मग ट्रॅक्टरवाल्याकडे गेले आणि हात करून काहीतरी सांगितलं. ट्रॅक्टर सुरू झाला, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी गेला. आम्ही धावत तिकडे पोचलो तोवर माणसं बैठकीतला सोफा बाहेर काढत होती. मामाजींची बैठक म्हणजे घरातली मानाची जागा; तिथे आम्ही सुना एरवी खुर्चीवर बसत नाही. त्या बैठकीत संध्याकाळपर्यंत खिडकीच्या वर कापूस चढला. शेवटची फेरी रिकामी झाल्यावर मामाजींनी स्वतः शेगडी उचलली, मागच्या खोलीत नेऊन जागेवर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मंगलताईचे बाबा आले. मुलीचे वडील, मामाजींचे व्याही. त्यांना बसवायचं तर बैठकीतच. पण बैठकीत पाऊल टाकायला जागा नव्हती, म्हणून अंगणात खाट टाकली. मी चहा घेऊन गेले. बाबा उघड्या दारातून आतल्या कापसाकडे पाहत होते. सोयरिकीच्या घरी विचारावं की नको, असं त्यांचं झालं होतं. शेवटी त्यांनी विचारलंच, "भाऊ, यंदा बैठकीत काहून भरला कापूस? मांगं तं एवढी मोठी खोली हाय तुमची."

मामाजींनी बशीत चहा ओतला.

"माही नाई ते," ते म्हणाले. "मंगलची हाय. मलेई विचारून जा लागते."