भाऊंचं पेडल

ऑर्केस्ट्रात वायरी कितीही नीट गुंडाळून पिशवीत भरा, पुढच्या कार्यक्रमाला त्या गुंतलेल्याच निघतात. कोण गुंतवतं, कळत नाही! आमचे किस्सेही तसेच. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. मी वीसेक वर्षं या ग्रुपमध्ये गाते आहे. हल्ली कोणताही किस्सा ओढला, की शेवटी भाऊ येतात.

भाऊ म्हणजे आमचे गिटारवाले. नांदगावच्या एका लग्नात ते असे काही वाजवत होते, की नवऱ्यामुलाचे मामा स्टेजवर चढून बघायला लागले. म्हणाले, "आवाज दोन गिटारींचा येतोय. दुसरा कुठे बसवलाय?"

भाऊ मान वर न करता म्हणाले, "तो पहिल्या पंगतीला गेलाय!"

*

मागच्या वर्षी भाऊंना पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू वळणावर आला, पण डाव्या हाताचं एकच बोट तार दाबायला तयार होतं. गिटारवाल्याचं सगळं तर डाव्या हातातच!

आम्ही भेटायला गेलो, तर तेच आम्हाला धीर द्यायला लागले. मग मध्येच थांबून म्हणाले, "सायखेड्याच्या कार्यक्रमात मी बसणार. तिथे जमलं तर पुढे वाजवीन. नाही तर मला परत बोलवायचं नाही. कीव म्हणून तर अजिबात नाही."

नंदावहिनी चहाचे कप उचलायला लागल्या. त्यातले दोन भरलेलेच होते.

*

भाऊंना कोणीतरी डिले पेडल सुचवलं. वहिनी आणि मी त्यांच्यासोबत मेन रोडच्या दुकानात गेलो. दुकानदाराने समजावलं, "पायाशी ठेवायचं. तुम्ही एक सूर वाजवला की हे तोच सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवतं. दोनदा, तीनदा, म्हणाल तितक्यांदा."

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच की! एकदा सांगून हे ऐकतात कुठे?"

सगळं दुकान हसलं. भाऊंनी पहिलं पेडल लावून पाहिलं. आवाज अगदी काचेसारखा स्वच्छ. पण बोट घसरलं आणि ती चूकही तीनदा तश्शीच स्वच्छ ऐकू आली.

"हे नको. हे चहाडखोर आहे!" भाऊ म्हणाले.

दुसऱ्या पेडलवर प्रत्येक वेळी सूर थोडा मंद होत, विरत जायचा. चूकसुद्धा विरायची. भाऊंनी तेच घेतलं. त्याला एक बटण होतं. गाण्याच्या लयीत पायाने ते दोन-तीनदा दाबलं, की पेडल ती लय धरायचं.

*

आमची प्रॅक्टिस पंचवटीत शिरीषच्या वरच्या खोलीत होते. शिरीष ऑक्टोपॅड वाजवतो, म्हणजे ताल सगळा त्याच्याकडे. पहिल्याच दिवशी भाऊंनी पेडलची चुकीची चकती पूर्ण फिरवली. एकच सूर परत परत येत वाढत गेला, वाढत गेला, शेवटी खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या.

शेजारच्या काकू धावत वर आल्या. "अरे, तो कुकर बंद करा आधी! फुटेल ना!"

भाऊ इतके हसले! दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच. हसताना अर्धंच तोंड हलत होतं. वहिनी उठून जिन्यात जाऊन बसल्या.

*

हा किस्सा वहिनींनीच मला सांगितला. एका सकाळी त्या पोळ्या करत होत्या आणि आतल्या खोलीतून गिटार आली. भरभर, एकामागून एक सूर, अगदी पूर्वीसारखे! त्या कणकेच्या हातानेच आत धावल्या.

"अहो, चालायला लागली बोटं?"

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पायाने पेडल बंद केलं आणि पुन्हा वाजवलं.

टण्. बराच वेळ काही नाही. मग टण्.

"तव्यावरची पोळी जळली बघा ताई," वहिनी मला म्हणाल्या.

*

भाऊंचा पाय पेडलवर लय द्यायचा, पण जरा संथ द्यायचा. त्यांना वाटायचं बरोबर आहे. आम्ही खऱ्या लयीत गेलो, की पेडलचे सूर मागे पडून सगळा गोंधळ व्हायचा.

एक दिवस शिरीष काही न बोलता भाऊंच्या पायाकडे बघून वाजवायला लागला. मग कीबोर्डवाल्यानेही लय कमी केली. मग मीही. लांब ओळींना माझा श्वास पुरेनासा झाला, म्हणून मी मधेच चोरून श्वास घ्यायला शिकले.

भाऊ खूश! "बघा, बसतंय की नाही?"

"बसतंय भाऊ!" आम्ही सगळे एका सुरात. ऑर्केस्ट्रात इतके एका सुरात आम्ही कधी नव्हतो.

*

सायखेड्याला संध्याकाळी कार्यक्रम होता. वहिनी पहिल्या रांगेत. पहिलं गाणं तसंच भाऊंच्या पायाच्या लयीत झालं. दुसरं सुरू करणार, तेवढ्यात पुढे बसलेले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "बाई, गानं हाय का अंगाई? लय झोप आली ना!"

लोक हसले. भाऊ नाही हसले. त्यांनी शिरीषकडे वळून पाहिलं.

"किती दिवस चाललंय हे?"

शिरीष हातातल्या काड्यांकडे बघत राहिला.

भाऊंनी मला खुणेने बोलावलं. मी त्यांच्या सांगण्यावरून पेडलची वायर काढली, गिटार सरळ स्पीकरला लावली आणि पेडल खाली वहिनींकडे दिलं. शिरीषला ते म्हणाले, "आता खऱ्या लयीत घे. माझ्यासाठी थांबलास तर उठून जाईन."

शिरीषने लय उचलली. मी गायला लागले. ओळ संपली की भाऊ एका बोटाने एक सूर वाजवायचे. एकच. मधे सगळी जागा मोकळी. ती जागा कीबोर्डवाल्याने भरली नाही, शिरीषनेही नाही. आजोबा मांडीवर ठेका धरून बसले होते.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही सामान आवरत होतो. भाऊ खुर्चीतच बसून होते. वहिनी वर आल्या. पेडल त्यांनी पदरात धरलं होतं.

भाऊ म्हणाले, "त्या दुसऱ्या अख्ख्या गाण्यात एकोणीस सूर, नंदा. मोजलेत मी. एकोणीस सुरांसाठी कोणी गिटारवाला नेतं का?"

वहिनी म्हणाल्या, "वीस होते. मीही मोजलेत."