मडक्यातली सनई

माझा एक लेख वालाच्या शेंगा, कोंबडी आणि अंड्यांसोबत मडक्यात भाजला गेला, त्याला आता वर्ष होत आलं. लेखाचा विषय होता, 'सुट्टीच्या दिवशी घरच्यांना वेळ कसा द्यावा.'

मी पनवेलला राहतो. नोकरी न्हावा शेव्याच्या कंटेनरांची कागदपत्रं पुढे सरकवणाऱ्या एका ऑफिसात, आणि लेखन उरलेल्या वेळात. आता हा उरलेला वेळ नेमका कोणाचा, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. माझं म्हणणं, तो माझा. बायकोचं, म्हणजे सुजाताचं म्हणणं, तो घराचा होता आणि मी तो पळवला. एका पुरवणीत दर आठवड्याला माझं 'घरचा माणूस' नावाचं सदर येतं. त्यात मी घरातल्या गमतीजमती लिहितो. (गमती प्रत्यक्ष घडत असतात तेव्हा मी आतल्या खोलीत दार लावून मागच्या आठवड्याच्या गमती लिहीत असतो. त्यामुळे काय घडलं ते सुजाताला विचारून घ्यावं लागतं.) शिवाय एक कादंबरी आहे. ती दर एक जानेवारीला सुरू होते.

वाचक भेटले की म्हणतात, "काय हो, किती रमता तुम्ही संसारात!" तेव्हा सुजाता शेजारी असली, तर नुसती माझ्याकडे बघते. त्या बघण्यावर मी अजून लेख लिहिलेला नाही.

तर आमची एकुलती एक मुलगी, सई, हिला बंगळुरूला नोकरी लागली. जायचा दिवस ठरला. मी बापाच्या उदारपणाने विचारलं, "बोल, काय देऊ तुला? घड्याळ? नवी बॅग?"

"पोपटी," ती म्हणाली. "आप्पांकडे, नेऱ्याला. आणि तू हवास."

"मी असणारच की!"

"नेहमीसारखा नाही रे बाबा. पूर्ण."

पूर्ण म्हणजे फोनशिवाय, असं सुजाताने तिथल्या तिथे जाहीर केलं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही.

आप्पा म्हणजे माझे सासरे. नेऱ्याला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर आणि शेत. मी मूळचा साताऱ्याचा, त्यामुळे पोपटी म्हणजे काय हे मला लग्नानंतर कळलं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या, की इकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर शेंगा, मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, ओवा, जाडं मीठ. वरून पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं रचून पेटवून द्यायचं. एकदा मडकं उपडं झालं, की शिजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पोपटीचा हा एकच नियम आहे, आणि तो नेऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो.

रविवारी दुपारी निघताना सुजाताने दारातच विचारलं, "फोन?"

"कपाटात ठेवला," मी म्हणालो.

फोन माझ्या पायमोज्यात होता. (हसू नका. संध्याकाळपर्यंत लेख पाठवायचा होता आणि तो अर्धाच झाला होता. त्यातही 'घरच्यांशी खोटं बोलू नये' हा परिच्छेद चांगला जमत आला होता!) मोबाइल आजकाल मोठे असतात, त्यामुळे मी थोडा लंगडायला लागलो. सईच्या ते लगेच लक्षात आलं. "बाबा, पाय दुखतोय का? तू बस मागे, गाडी मी चालवते." मी मागे बसलो. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर टाइप करायला मागची सीट बरी पडली.

नेऱ्याला पोचल्यावर सुजाता शेंगा धुवायला बसली, सई कोंबडीला मसाला चोळायला लागली आणि आप्पा शेतात जागा साफ करायला गेले. मी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून लंगडत घराच्या मागे पडवीत गेलो. तिथे मडकं तयार ठेवलेलं होतं, आत तळाला हिरवागार पाला घातलेला. मी शेजारी फतकल मारली, फोन काढला आणि लिहिलं, 'आपल्या माणसांत असताना आपण मनानेही तिथेच असायला हवं.' वा! पुढचं वाक्य सुचतंय न सुचतंय तोच मागे चपला वाजल्या.

पायमोज्यात सरकवायला वेळ नव्हता. मी फोन मडक्यात पाल्याखाली खुपसला.

"अहो, इथे काय करताय?" सुजाता.

"पाला बघतोय."

"पाला?"

"किती हिरवा आहे ना!"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा पाला बघत बसला, तर बायकोला फारसं आश्चर्य वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली, "बरं, उठा. सई बोलावतेय तुम्हाला." आणि मला उठवल्याशिवाय ती समोरून हलेना. म्हणून मी उठलो. मनात म्हटलं, पाच मिनिटांत परत येऊन फोन काढून घेऊ.

सई मला बांधावर घेऊन गेली. "बाबा, इथे मी सायकल शिकले, आठवतं?" मी म्हणालो, हो. (मला आठवत नव्हतं. सायकल आप्पांनी शिकवली होती. मी त्या मे महिन्यात कादंबरीचं पहिलं प्रकरण चौथ्यांदा लिहीत होतो.) ती चिंचेचं झाड दाखवत होती, विहीर दाखवत होती, लहानपणी कुठे पडली आणि कोणी उचललं ते सांगत होती, आणि मी "अरे वा", "हो का" करत मान वळवून वळवून पडवीकडे बघत होतो. तेवढ्यात शेताच्या कोपऱ्यातून धूर निघाला.

मी धावलो. लंगडणं विसरून धावलो! मागून सई ओरडली, "बाबा, पाय बरा झाला?"

शेतात आप्पा कमरेवर हात ठेवून उभे होते. मडकं भरलेलं, उपडं केलेलं आणि पेंढ्याने सगळ्या बाजूंनी पेट घेतलेला.

"आप्पा, लावलीसुद्धा?"

"मंग? तुमची वाट बगत बसू?"

"नाही, म्हणजे... मडकं जरा उघडून बघूया का?"

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते फक्त जमिनीच्या दलालांकडे बघतात. "आत्ता लावलीय जावाय! कश्याला उघराचा?"

"मीठ राहिलं असेल."

"मीठ टाकलाय."

"ओवा?"

"त्यो बी टाकलाय. तुमी निस्ता इस्तवाकडं बगा. यंदा माजा गुडगा धरलाय, तवा पोपटी तुमची. जावयाची पोपटी!" असं म्हणून त्यांनी हातातली लांब काठी माझ्या हातात दिली. आयुष्यभर त्यांनी ती काठी कोणाला दिली नव्हती, स्वतःच्या भावालाही नाही. सुजाताचा चेहरा एकदम उजळला. मला मात्र त्या काठीने मडकं उलथवता येईल का, एवढंच दिसत होतं.

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. तेव्हा बोललो असतो तर शिव्या बसल्या असत्या, मडकं काढलं असतं, फोन बाहेर आला असता आणि शेंगा पुन्हा लावता आल्या असत्या. पण मग पायमोजा आला, कपाट आलं, पाल्याचं कौतुक आलं. मी काठीने हळूच एक लाकूड बाजूला केलं. आप्पांनी ते परत आत ढकललं. मी दुसरं काढलं. त्यांनी तेही ढकललं.

"बाबा, तू किती मनापासून करतोयस रे!" सई म्हणाली. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली, अगदी खेटून, शाळेत असताना बसायची तशी. आप्पा आणि सुजाता जरा लांब गवतावर बसले होते.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू? आईला सांगू नकोस. मला ना..."

मी पूर्ण ताकदीने कान लावला. मडक्याकडे. आतून काही वितळल्याचा आवाज येतो का, ते मी ऐकत होतो. सई बोलत होती. मध्ये 'भीती' असा शब्द आला, 'एकटी' असाही आला, 'तुला कधी असं झालं होतं का?' असा प्रश्न आला. मी म्हणालो, "हो हो, मसाला बरोबर आहे."

ती थांबली. आणि त्या शांततेत मडक्यातून सनई वाजायला लागली!

माझी रिंगटोन सनईची आहे. संपादकांचा फोन होता, लेख कुठवर आला म्हणून.

आप्पांनी मान वर करून गावाकडे बघितलं. "कुनाची हलद हाय का रं?"

"आवाज जवळून येतोय," सुजाता म्हणाली. मग ती उठली, दोन पावलं पुढे आली, आगीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अहो. तुमचा फोन घरी कपाटात आहे ना?"

"आहे ना!" मी म्हणालो. मडकं सनई वाजवत होतं.

"मग हे काय आहे?"

"पोपटी," मी म्हणालो. खोटं बोलताना माणसाने कुठेतरी थांबायला हवं, पण मला ते जमत नाही.

सनई मध्येच चिरकली आणि बंद पडली. मी काठी घेऊन आगीत घुसलो. आप्पा "हात नको लावू, हात नको लावू!" ओरडत गुडघ्यासकट धावले, सईने मला शर्टाला धरून मागे ओढलं, आणि फट्‌ असा आवाज होऊन जावयाच्या पोपटीचे दोन तुकडे झाले. वालाच्या शेंगा आगीत सांडल्या. प्लास्टिक जळल्याचा असा काही वास सुटला, की आप्पांचा कुत्रा जवळ आला, कोंबडी हुंगली आणि निघून गेला.

बॅटरी फुटल्यावर त्यातला घासही तोंडात घालण्यासारखा नव्हता. सईने स्वतःच्या हाताने मसाला चोळलेली कोंबडी, सुजाताने धुतलेल्या शेंगा, सगळं खड्डा करून पुरावं लागलं. आप्पांनी काठीने फोनचा कोळसा उलटापालटा केला. "जावाय, बगा, शिजला का," एवढंच म्हणाले आणि काठी माझ्या हातातून काढून घेतली. सुजाता ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती घरात जाऊन भाकऱ्या थापायला बसली. आम्ही तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. सई हसत होती, मला हसवतही होती, "मडक्यात रेंज चांगली येते रे बाबा" वगैरे म्हणत होती. मला ते हसणं गिळता येत नव्हतं.

परत येताना मी तिला विचारलं, "सई, मघाशी काय सांगत होतीस?"

"काही नाही रे," ती म्हणाली. "राहू दे."

मी दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं, आणि तेही इतक्या प्रेमाने, की तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिला काय सांगायचं होतं, ते मला आजतागायत माहीत नाही. त्या आठवड्यात माझ्या सदराच्या जागी कुंडीतली कोथिंबीर कशी वाढवावी यावर कोणाचा तरी लेख आला. एकाही वाचकाने माझी चौकशी केली नाही. ज्या लेखासाठी मी पोरीचं बोलणं घालवलं, त्याची किंमत एवढी होती.

दुसऱ्या दिवशी कळंबोलीला तिला बसमध्ये बसवायला गेलो. सामान चढलं. सुजाता डोळे पुसत बाजूला झाली. सईने मला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, "बाबा, एक करशील? कालच्यावर लिहू नकोस. तेवढा एक दिवस आपल्या घरातच राहू दे."

"नाही लिहिणार," मी म्हणालो. "शप्पथ."

तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले. बस सुटली, ती काचेतून हात हलवत राहिली, मी खालून हलवत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्णपणे तिथे होतो, कुठेही दुसरीकडे नव्हतो. आणि त्याच क्षणी, देवाशप्पथ सांगतो, माझ्या मनात आलं: वा! शेवट मिळाला!