सागवानी जहाज

मी चौथी नापास आहे, आणि आकाशात चालणारं लढाऊ जहाज मी बनवलेलं आहे. सागवानाचं. ज्याले हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

तान्ह्या पोळ्याले आमच्या बालाघाटात लेकरं लाकडी बैल सजवून मैदानावर ओढत नेतात. ज्याचा बैल देखणा त्याले बक्षीस. मोहल्ल्यात पहिला नंबर दरसाल माझ्याच हातच्या बैलाचा! त्या वर्षी पोरगा दिनेश मलाजखंडहून आला. तिथं खदानीत नकाशे काढायची नोकरी. येताना खाटेएवढा कागद घेऊन आला.

"बाबा, औंदा आपली बेबी बैल नाही नेणार. हे नेणार."

कागदावर खेकड्यासारखं काहीतरी चपटं.

"हे काय होय बे?"

"अंतराळातलं रक्षक जहाज. मोठ्या जहाजाच्या बाजूनं चालते, दुश्मनापासून त्याले वाचवते. लहान, हलकं, चपळ. अशी पुष्कळ, सारी एकाच जातीची."

"जातीचं हाये तं वशिंड काहून नाही?"

बैलाच्या सणाले जहाज! माझं डोकं असं तापलं, की बायकोनं, आमच्या बुढीनं, वर तवा ठेवला असता तं भाकर निघाली असती! पण बेबी, माझी नात, भोकाड पसरून बसली. शेवटी ठरलं, बैल हेच मोठं जहाज, आन् दिनेशचं ते त्याचं रक्षक.

दिनेशनं पहिलं जहाज पुठ्ठ्याचं केलं. मी त्याच्यावर नुसता हात ठेवला. (बरं, थोडा जोरात ठेवला.) बसलं ना ते! दुसरं टिनाचं.

"रखवालदार असा मरतुकडा असते का बे? दुश्मन पळन का हसन?"

"बाबा, वजन वाढलं तं चपळाई जाते!"

"तू मले शिकवतं?"

तिसरं मी बनवलं. दिनेश म्हणे पंख बारीक पाहिजे, मी पाटासारखे केले. तो म्हणे नाक टोकदार, मी नांगराचा फाळ ठोकला! त्याच्या कागदावर चाकं नव्हती, मी चार बसवली.

"आकाशात चाकं नसतात, बाबा."

"मग थांबते कायच्यावर, तुह्या बापाच्या डोक्यावर?"

(त्याचा बाप मीच, हे मागून ध्यानात आलं.)

जहाज तयार झालं तं बैलाहून मोठं! बुढी म्हणे, "अवो, हे बैलाले राखून राह्यलं का खाऊन राह्यलं?"

मैदानाकडे जायचा रस्ता उताराचा. पुढं बैल घेऊन बेबी, मागं जहाज. त्याची दोरी माझ्या हातात, कारण दुसऱ्या कोणाच्यानं ते हालत नव्हतं. खाली खुर्चीवर नंबर देणारे पाहुणे, लामत्याहून बोलावलेले.

"बाबा, घट्ट धरा!" दिनेश ओरडला.

"तू चूप बस!" म्हणून मी त्याच्यावर हात उगारला. दोरी त्याच हातात होती!

जहाज सुटलं. बेबी टुणकन बाजूले उडाली. फाळ सरळ बैलाच्या बरगडीत! पाय नालीत, शेपूट झाडाखाली, आन् मुंडकं बाशिंगासकट पाहुण्याच्या मांडीवर! जहाजाले मात्र एक ओरखडा नाही. एवढं मजबूत काम, पण त्या पाहुण्यानं पहिला नंबर दिला शेजारच्या मास्तराच्या बैलाले. त्याचा तो उंदरासारखा बैल! अजून माझं रक्त खवळते.

तुकडे गोळा करताना बेबी म्हणाली, "आबाजी, दुश्मन तं आलाच नाही. मग बैल कोणं मारला?"

दिनेश तोंड दाबून मागं वळला. लेकाचा!

आजही कोणी विचारलं तं मी ठासून सांगतो, माझा बैल लढाईत पडला. लढाई कोणाशी झाली, हे विचारणाऱ्याले आमच्या घरी चहा भेटत नाही!