जाऊबाईंच्या कुरळ्या कोंबड्या

आमच्या थोरल्या जाऊबाई इस्त्रीच्या दुकानात काम करतात. दिवसभर लोकांच्या सुरकुत्या मोडायच्या आणि घरी येऊन कुरळ्या, उलट्या पिसांच्या कोंबड्या पाळायच्या. मी म्हणायचे, "ताई, यांच्यावरूनही एकदा इस्त्री फिरवा." त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. कोंबड्यांची चेष्टा त्यांना खपत नाही. नवऱ्याची खुशाल करा.

त्यांची रीत ठरलेली. कुरळं तेवढं ठेवायचं, साध्या पिसांचं पिल्लू निघालं की देऊन टाकायचं. बरीचशी माझ्याच गळ्यात पडली. शेवटी त्यांच्या खुराड्यात साधं पीस औषधालाही उरलं नाही. आता सगळी कुरळीच निघणार म्हणून बाई नुसत्या हवेत होत्या.

पिल्लं निघाली, पण पिसं फुटायला लागली तशी काहींची ताठ होऊन मोडायलाच लागली. मान उघडी, पाठ उघडी. शेजारचा किराणावाला कुंपणावरून डोकावला आणि म्हणाला, "रोग आहे. पसरायच्या आत सगळ्या मारून टाका."

मेल्याला विचारलं होतं कुणी? पण जाऊबाईंनी ते मनाला लावून घेतलं. उघडं पिल्लू मांडीवर घेऊन मला म्हणाल्या, "उद्या सगळ्यांचाच निकाल लावू. माझ्यानं होणार नाही गं. तू कुणीतरी माणूस बघ."

माझं डोकंच फिरलं. पिल्लू टोपलीत घातलं आणि जाऊबाईंना घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं, मोडकं पीस भिंगाखाली धरलं. उवा नाहीत, जखम नाही, कातडी स्वच्छ.

"याचा बाप कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"कुरळा," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि आई?"

"तीही कुरळीच. आमच्याकडे दुसरं आहे कुठे?"

"मग हा रोग नाही. पिल्लाला पिसांचा एक वाटा आईकडून मिळतो, एक बापाकडून. एक कुरळा आणि एक साधा आला की पीस छान वळतं. दोन्ही कुरळे आले की अति होतं, पीस ठिसूळ होऊन मोडतं. तुमच्या कोंबड्यांना साधा कोंबडा द्या. निम्मी पिल्लं कुरळी निघतील, निम्मी साधी. उघडं एकही नाही."

"म्हणजे कुणाला मारायचं नाही?"

"कशाला मारायचं? यांना फक्त ऊब द्या."

जाऊबाईंनी पिल्लू पदराखाली घेतलं. मग म्हणाल्या, "मग चूक कुणाची?"

डॉक्टरीणबाई अडखळल्या. "तुमचीच म्हणायची. जोड्या तुम्ही लावल्यात."

दुसरी कुणी रागावली असती. आमच्या बाई मटकन बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या. "माझीच ना? मग जमेल. रोगाशी कोण भांडणार? माझ्याशी मी रोजच भांडते."

घरी आल्या, माझा साधा कोंबडा मला न विचारता काखेत मारला आणि आपल्या खुराड्यात नेऊन सोडला. मग तिथेच जमिनीवर बसून त्या पोटभर रडल्या. कोंबड्या त्यांच्या अंगावर चढत होत्या. माझाही जीव भांड्यात पडला होता, म्हणून मीही त्यांच्या शेजारी फतकल मारून बसले.